फोनो प्री-ॲम्प कोणता घ्यावा : कोथरूडमधल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

काका बँकेतून निवृत्त होऊन दहाएक वर्षं झाली. काकू गाणं शिकलेल्या. अजूनही रोज सकाळी पेटी घेऊन बसतात. दोघं कोथरूडला दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतात. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि किरकोळ तपशील बदलले आहेत.

काकांकडे चारेकशे एलपी आहेत. जवळजवळ सगळ्या एचएमव्हीच्या, भारतीय प्रेसिंगच्या: शास्त्रीय, नाट्यगीतं, भावगीतं, थोडं हिंदी सिनेमाचं. काही वडिलांकडून आलेल्या, काही पगार झाला की घेतलेल्या, आणि बऱ्याच जुन्या बाजारात रविवारी सकाळी उकिडवं बसून निवडलेल्या. कव्हरवरच्या क्रमांकावरून त्यांनी दोन गठ्ठे केले आहेत. ईसीएलपी, ईएएलपी अशा अक्षरांनी सुरू होणाऱ्या मोनो. ईसीएसडी, ईएएसडीवाल्या स्टिरिओ. मोनोचा गठ्ठा बराच मोठा आहे. शिवाय पत्र्याच्या ट्रंकेत ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, जुन्या तबकड्या. पुढची बरीचशी निवड या गठ्ठ्यांनीच केली, म्हणून हे आधी सांगितलं.

टर्नटेबल डायरेक्ट ड्राइव्हचा, चार वर्षांपूर्वी घेतलेला. त्यावर ऑडिओ-टेक्निकाचं व्हीएम९५ई कार्ट्रिज, म्हणजे सुईच्या थरथरीचा विजेचा सिग्नल करणारा भाग, आणि पोटातच तो सिग्नल वाढवणारा एक छोटा फोनो प्री-ॲम्प. मागच्या बाजूला 'फोनो' आणि 'लाइन' असं एक बटण. काकांच्या ॲम्प्लिफायरला फोनो इनपुट नसल्यामुळे ते पहिल्या दिवसापासून 'लाइन'वर, म्हणजे आतला प्री-ॲम्प चालू. स्पीकर शेल्फवर ठेवायचे, साडेसहा इंची वूफरचे, मागे हवेचं भोक असलेले. टर्नटेबल खिडकीजवळच्या शिसवी टेबलावर आणि ॲम्प्लिफायर पलीकडच्या शोकेसमध्ये, टीव्हीच्या खाली.

मुलगा न्यू जर्सीत. त्यानेच ठरवलं की बाबांचा वाढदिवस म्हणून चांगला फोनो प्री-ॲम्प द्यायचा, पस्तीस हजारांच्या आत. त्याने चार नावांची यादी पाठवली आणि मला विचारणा झाली ती एवढीच की या चारांतला कोणता.

नेमकी अडचण

"सीडीवर जे गाणं मोकळं वाटतं, तेच रेकॉर्डवर दबून येतं," ही काकांची मूळ तक्रार. खोदून विचारलं तेव्हा एकीच्या चार झाल्या. आवाज कमी येतो, नॉब बराच फिरवावा लागतो. दोन गाण्यांच्या मधल्या शांततेत घूं ऐकू येतं. भावगीतांत, विशेषतः एलपीच्या आतल्या बाजूच्या गाण्यांत, स आणि श कानाला टोचतात. आणि काही रेकॉर्ड लावल्या की वूफरचा पडदा आवाज नसतानाही आत-बाहेर होत राहतो. जुन्या मोनो रेकॉर्डांची खरखर त्यांनी तक्रारीत धरलीच नव्हती. ती असणारच, असं त्यांचं मत.

यातलं किती प्री-ॲम्पच्या पदरात टाकायचं, हा खरा प्रश्न. त्यासाठी ही वस्तू करते काय ते थोडक्यात. कार्ट्रिजमधून निघणारा सिग्नल फार बारीक असतो. व्हीएम९५ईचा ४ मिलिव्होल्ट, तर सीडी प्लेअर पूर्ण जोरात २ व्होल्टपर्यंत देतो. प्री-ॲम्प हा बारीक सिग्नल साधारण शंभरपट वाढवतो, म्हणजे ४० डेसिबल. दुसरं काम स्वर समतोल करण्याचं. एलपी कापताना खर्ज मुद्दाम कमी आणि वरचे स्वर वाढवून कापलेले असतात. तसं केलं नाही तर खर्जाच्या रुंद खाचांपायी एका बाजूला वीस मिनिटं मावायची नाहीत, आणि वरचे बारीक स्वर खरखरीत बुडतील. १९५४ साली ठरलेला आरआयएए वक्र या घट-वाढीचं माप सांगतो. ५०, ५०० आणि २,१२२ हर्ट्झ हे त्याचे तीन सांधे. वाजवताना हेच उलट करायचं: मधल्या स्वरांच्या तुलनेत २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वर, २० किलोहर्ट्झला जवळजवळ तितकंच खाली.

याचा एक तोटा आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि तिथे हा वक्र १७ डेसिबल वर असतो. म्हणजे वायरीत कुठूनही शिरलेली घरघर मधल्या स्वरांपेक्षा सातपट जास्त वाढवली जाते. त्याहून खाली, वाकड्या तबकडीमुळे टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज धरणारा दांडा, वर-खाली होतो तेव्हा जो न ऐकू येणारा हेलकावा तयार होतो, त्यालाही तेच बळ मिळतं. वूफर हलतो तो यामुळे. त्यामुळे घरघर आणि पडद्याचं हलणं प्री-ॲम्पमधून बाहेर पडतं खरं, पण दोन्ही जन्माला दुसरीकडे येतात.

काकूंची पेटी

घरघर कुठून येते हे शोधायला सुरुवात केली तेव्हा काकू आतून पेटी घेऊन आल्या. "हे घूं मला केव्हाचं छळतंय. तानपुऱ्याखाली दुसराच कुणीतरी षड्ज धरून बसल्यासारखं वाटतं." त्यांनी खर्जात पांढरी पाच दाबून धरली. पेटीचा स्वर आणि स्पीकरमधली घरघर एकमेकांवर घासू लागली आणि सेकंदाला दोनेक हेलकावे स्पष्ट मोजता आले. हिशोब अगदी बरोबर: त्या सप्तकातली पांढरी पाच ९८ हर्ट्झची, आणि विजेच्या ५० हर्ट्झची दुप्पट १००. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाच्या रेकॉर्डखाली हा स्वर तीव्र मध्यमाच्या किंचित वर पडतो. भूप चालू असताना खाली सतत चढा तीव्र मध्यम वाजत असेल, तर ऐकणाऱ्याला गाणं 'दबलेलं' वाटणारच. नेमकं काय खुपतंय ते सांगता आलं नाही तरी.

मग एकेक वायर काढत गेलो. टर्नटेबलच्या वायरी काढल्या तरी घरघर जाईना. म्हणजे प्री-ॲम्प, आतला असो वा नवा, या गुन्ह्यात नव्हताच. टीव्हीकडून ॲम्प्लिफायरला आलेली ऑडिओची वायर काढली आणि खोली गप्प झाली. सेट-टॉप बॉक्सला केबलवाल्याची वायर येते, तिचा बाहेरचा धातूचा पदर इमारतीत दुसरीकडेच कुठेतरी अर्थ झालेला असतो, आणि ॲम्प्लिफायरचं अर्थिंग घरातल्या बोर्डावरून. दोन अर्थांच्या मध्ये एक वेटोळं तयार होतं आणि त्यातून घरघर फिरत राहते. टीव्ही आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये ऑप्टिकल वायर टाकली की तांब्याचा संबंध तुटतो. काकांच्या ॲम्प्लिफायरला ऑप्टिकल इनपुट नव्हतं, म्हणून ऑप्टिकलचा साधा ऑडिओ करणारी छोटी डबी घेतली. किंमत काही शे रुपये.

त्याच वेळी इलेक्ट्रिशियनकडून शोकेसमागच्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घेतलं. ते नीट होतं, पण एक्स्टेंशनला दोन पिनी अडॅप्टर लावून तिसरी पिन हवेत सोडलेली होती. पुण्या-मुंबईतल्या किती घरांत हे दिसतं!

मुलाला फोनवर हे सांगितलं तेव्हा तो थोडा हिरमुसला. त्याला घरघरीवर उपाय म्हणूनच नवा प्री-ॲम्प द्यायचा होता. पण काकांनी भेट नको म्हटलं नाही, आणि मलाही तसं वाटलं नाही, कारण उरलेल्या तक्रारींपैकी दोहोंवर तरी प्री-ॲम्पकडे उपाय असू शकत होता.

पर्याय

मुलाच्या यादीत रेगाचा फोनो एमएम, शीटचा मानी २, केंब्रिज ऑडिओचा अल्वा ड्युओ आणि आयफायचा झेन फोनो. मी त्यात आणखी तीन वाटा घातल्या: आहे तोच आतला प्री-ॲम्प ठेवणं, आर्टचा डीजे प्री टू हा स्वस्तातला, आणि तपकीर गल्लीतल्या एका ओळखीच्या तंत्रज्ञाकडून एनई५५३२ या ॲम्प्लिफायरच्या चिपवर हाताने बांधून घेणं.

आतला ठेवण्यात गैर काही नव्हतं. त्याची वाढ ३६ डेसिबल, म्हणजे ४ मिलिव्होल्टचे सुमारे २५० होतात. आवाज थोडा कमी, पण आरआयएए बऱ्यापैकी पाळलेला. उणीव दोन. रात्री शांततेत मोठ्या आवाजावर ऐकताना त्याची सूं ऐकू यायची, आणि त्याला फिल्टर-बिल्टर काहीच नव्हतं.

डीजे प्री टूची मला नेहमी गंमत वाटते. दिसायला अगदीच साधा, पण त्यावर इनपुटची कपॅसिटन्स (वीज साठवण्याची क्षमता; तिने कार्ट्रिजचे वरचे स्वर बदलतात) १०० की २०० पिकोफॅरड हे ठरवायचं बटण आहे, खालचे स्वर कापणारं बटण आहे आणि वाढ कमी-जास्त करायचा नॉबही आहे. महागड्या यंत्रांत यातलं एकही नसतं असं अनेकदा दिसतं. काकांना तो दिसायलाच आवडला नाही. "हे काय डीजेवाल्यांचं?" म्हणाले. मी फार ताणून धरलं नाही, पण ताणायला हरकत नव्हती.

मानी २ची वाढ चार टप्प्यांत बदलता येते: ३३, ४२, ४८ आणि ६० डेसिबल. पुढेमागे मूव्हिंग कॉइल, म्हणजे आणखी बारीक सिग्नल देणाऱ्या जातीचं, कार्ट्रिज घ्यायचं असेल तर सोयीचा. मुलगा सुट्टीत येताना बॅगेतून आणणार होता. पण त्याच्यासोबत येणारा अडॅप्टर त्या-त्या देशाच्या विजेप्रमाणे असतो आणि तो डीसी नव्हे, एसी देतो. अमेरिकेतला १२० व्होल्टचा अडॅप्टर आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात घातला तर जळणारच, आणि नेहमीचा मोबाइल-राउटरचा डीसी अडॅप्टर त्याला चालत नाही. योग्य अडॅप्टर इथे शोधत बसायचा, आणि बिघडला तर परत अमेरिकेला. सत्तरीच्या माणसाच्या गळ्यात हे घालावं असं मला वाटलं नाही. यादीतून तो या एका कारणाने गेला, आवाजामुळे नाही.

अल्वा ड्युओ मूव्हिंग मॅग्नेट (काकांचं कार्ट्रिज याच जातीचं) आणि मूव्हिंग कॉइल दोन्हींना चालतो, त्याला हेडफोन लावता येतो, आणि वीजपुरवठा आतच असल्याने अडॅप्टरची कटकट नाही. मूव्हिंग मॅग्नेटला वाढ ३९ डेसिबल. सबसॉनिक फिल्टरचं, म्हणजे ऐकू न येणारे अगदी खालचे हेलकावे गाळणारं, बटण मात्र नाही. झेन फोनोला ते बटण पुढच्याच बाजूला आहे, आणि वाकड्या तबकडीमुळे होणारी उभी हालचाल तेवढी गाळून खऱ्या खर्जाला धक्का लागू नये अशी त्याची रचना असल्याचं कंपनी सांगते. त्याची मूव्हिंग मॅग्नेटची वाढ मात्र ३६ डेसिबलच, आतल्या प्री-ॲम्पइतकीच. रेगा साधा आणि सरळ. काकांच्या गरजांपैकी एकीलाही तो वेगळं उत्तर देत नव्हता, म्हणून बाजूला पडला.

हाताने बांधून घेण्याचा पर्याय मला स्वतःला आवडतो, पण दुरुस्तीला तोच एक माणूस लागतो. काकांनी तो नाकारला. तरी त्या तंत्रज्ञाचा उपयोग पुढे झालाच.

एक गोष्ट सगळ्या यादीत कुठेही नव्हती: मोनोचं बटण. एका घरात चारशेपैकी अडीचशेवर मोनो रेकॉर्ड असताना हे बटण फिल्टरपेक्षा महत्त्वाचं होतं. मोनो एलपीच्या खाचेत संगीत फक्त आडव्या हालचालीत असतं. स्टिरिओ कार्ट्रिज उभी हालचालही वाचतं, आणि त्या उभ्या हालचालीत धूळ, झीज आणि वाकडेपणा याखेरीज काहीच नसतं. दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की उभी हालचाल एकमेकींना खाऊन टाकते. खरखर खाली जाते आणि वूफरचं हलणंही थांबतं, एकाच टॉगलने.

पहिली चाचणी फसली ती तीन मीटरच्या वायरीने

अल्वा ड्युओ एका परिचितांकडून ऐकायला मागून आणला. शोकेसमध्ये ॲम्प्लिफायरशेजारी ठेवला, टर्नटेबलचं बटण 'फोनो'वर केलं, आणि टेबलापासून शोकेसपर्यंतची जुनीच तीन मीटरची वायर वापरली. पहिल्या संध्याकाळी काका खूश. "आता कसं उघडलं!" आठवडा सरत आला तशा काकू म्हणू लागल्या की शब्द टोचतात, दोन गाण्यांवर तिसरं ऐकवत नाही.

टर्नटेबलचं बटण 'लाइन'वर असताना त्या वायरीने काही बिघडत नव्हतं, कारण तिच्यातून आधीच वाढवलेला सिग्नल जात होता. 'फोनो'वर तीच वायर थेट कार्ट्रिजला जोडली जाते आणि तिची कपॅसिटन्स कार्ट्रिजचाच भाग होऊन बसते. व्हीएम९५ईला १०० ते २०० पिकोफॅरड लागतात, टोनआर्मच्या आतल्या वायरी आणि प्री-ॲम्प धरून. तपकीर गल्लीतल्या मीटरवर त्या वायरीचे एकटीचेच ४२० भरले. बाकी सगळं धरून सहाशेच्या घरात. कार्ट्रिजच्या कॉइलचं इंडक्टन्स ५५० मिलिहेन्री. त्याचा सहाशे पिकोफॅरडशी मेळ (रेझोनन्स) पडतो ८.८ किलोहर्ट्झच्या आसपास, आणि ४७ किलोओहमच्या भारावर तिथे सुमारे चार डेसिबलचा उठाव येतो. मराठीतले स, श, च या उठावात सापडतात. त्याच्या वर आवाज झपाट्याने पडतो, म्हणजे टोचतंही आणि हवाही जाते. हीच बेरीज दोनशेवर आणली तर मेळ १५ किलोहर्ट्झपर्यंत वर सरकतो आणि उठाव एक डेसिबलच्या आत राहतो.

पहिल्या संध्याकाळी जे 'उघडलं' ते प्री-ॲम्पचं कर्तृत्व नव्हतं, त्या चार डेसिबलचं होतं. ही चाचणी इथेच थांबवून यंत्र परत केलं असतं तर ड्युओवर 'कर्कश' असा शिक्का बसला असता, आणि वायरीला कुणी दोषही दिला नसता. उपाय सोपा. प्री-ॲम्प टर्नटेबलशेजारी टेबलावर, मध्ये पाऊण मीटरची कमी कपॅसिटन्सची वायर, आणि लांब वायर प्री-ॲम्पच्या पुढे, जिथे तिची लांबी काही बिघडवत नाही.

दुसरी चाचणी आणि सुईचा हट्ट

मधल्या काळात मी सुईबद्दल बोललो होतो. काका रोज रात्री एक एलपी ऐकतात. पाऊण तास धरला तरी चार वर्षांत हजार तास होतात. अशा लंबगोल टोकाच्या सुईचं आयुष्य ऑडिओ-टेक्निका सुमारे ३०० तास सांगते. काकांचं म्हणणं, "कुठे उडत नाही, अडकत नाही, मग सुई चांगलीच आहे." सुई उडायला लागते तेव्हा रेकॉर्डचं नुकसान कधीच होऊन गेलेलं असतं, हे त्यांना पटत होतं, पण प्री-ॲम्प यायच्या आधी सुईवर खर्च करायला ते तयार नव्हते. शेवटी काकूंनी निकाल दिला: "चप्पल झिजली तर बदलता ना? मग?"

व्हीएम९५ मालिकेची सोय ही की कार्ट्रिजचं अंग तेच राहतं आणि सुया एकमेकींच्या जागी बसतात. व्हीएमएन९५एमएल ही मायक्रोलिनिअर टोकाची सुई घेतली. कंपनीच्या सांगण्यानुसार तिचं आयुष्य हजार तासांच्या आसपास, आणि टोक अरुंद असल्याने जुन्या सुईने न घासलेल्या जागी ती पोचते. भार तोच, २ ग्रॅम. आतल्या गाण्यांतले स-श जे टोचायचे, ते या एका बदलाने जवळजवळ शांत झाले. प्री-ॲम्प तेव्हा आतलाच होता.

मग खरी तुलना: आतला, ड्युओ आणि मुंबईच्या एका दुकानदाराने परत घेण्याच्या अटीवर दिलेला झेन फोनो. ड्युओची वाढ बाकी दोघांपेक्षा जास्त असल्याने आधी आवाज सारखा करून घेतला. फोनमधल्या डेसिबल मोजणाऱ्या ॲपवर, एकाच गाण्याच्या एकाच ओळीला. हे केलं नाही तर जो मोठा तोच चांगला वाटतो, कितीही जाणकार कान असला तरी. वायरी काकू बदलणार आणि काका पाठमोरे बसणार. रेकॉर्ड तीन: एक साठच्या दशकातली मोनो, एक सत्तरच्या दशकाच्या अखेरची चांगल्या अवस्थेतली स्टिरिओ, आणि एक पुरी वाकलेली.

मोनोवर काकांना तिघांतला फरक खात्रीने सांगता आला नाही. स्टिरिओवर आतला प्री-ॲम्प ते बहुतेक वेळा ओळखत होते. तानपुऱ्याच्या तारा त्यात एकमेकींत मिसळतात असं त्यांचं म्हणणं, आणि शांततेतली सूं तर मलाही ऐकू येत होती. ड्युओ आणि झेन यांच्यात मात्र दोघांनाही काही सांगता येईना. वाकलेल्या रेकॉर्डवर प्रश्नच उरला नाही. झेनचं सबसॉनिक बटण दाबलं आणि वूफरचा पडदा जागच्या जागी थांबला. तबल्याचा बायाँ होता तसाच राहिला.

निर्णय आणि निष्पत्ती

झेन फोनो ठेवला. या दोघांत सरस म्हणून नव्हे. कानाला दोन्ही सारखेच होते, आणि ड्युओला हेडफोनची सोय जास्त होती. पण घरात वाकड्या रेकॉर्ड पुष्कळ, हेडफोन कुणी लावत नाही, आणि मूव्हिंग कॉइलकडे जायचा काकांचा विचार नाही. संग्रह दुसरा असता तर निवड उलटी झाली असती.

मुलाने विचारलं, "म्हणजे आवाज तेवढाच? वाढ तर तीच आहे." हो, तेवढाच. नॉब पूर्वीइतकाच फिरवावा लागतो. ४० डेसिबलचं यंत्र घेतलं असतं तर नॉब थोडा आधी थांबला असता, बाकी काही नाही. ॲम्प्लिफायरमध्ये जोर शिल्लक आहे आणि त्या जागी सूं ऐकू येत नाही, तेव्हा नॉबचा काटा किती वाजता आहे याला अर्थ नाही. हे मुलाला पटायला वेळ लागला.

मोनोचं बटण तंत्रज्ञाने पत्र्याच्या छोट्या डबीत करून दिलं. प्री-ॲम्प आणि ॲम्प्लिफायर यांच्या मध्ये ती बसते: प्रत्येक वाहिनीत एक किलोओहमचा रेझिस्टर, आणि त्यांच्या पुढे दोन्ही वाहिन्या जोडणारी एक टॉगल. रेझिस्टर न घालता नुसत्या वायरी जोडल्या तर प्री-ॲम्पचे दोन आउटपुट एकमेकांशी झगडतात, म्हणून ते हवेतच. काकांनी टॉगलखाली पांढऱ्या रंगाने 'एक' आणि 'दोन' लिहिलं आहे. या डबीने जेवढा फरक पडला तेवढा मधल्या किमतीच्या कुठल्याही प्री-ॲम्पने पडला नसता. जुन्या नाट्यगीतांची खरखर मागे सरकली आणि आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये येऊन उभा राहिला.

प्री-ॲम्प, सुई, वायर, दोन्ही डब्या मिळून खर्च पस्तीस हजारांच्या आत बसला.

काही गोष्टी सुटल्या नाहीत. ज्या तबकड्यांचं भोक मध्यावर नाही, त्यांचा लांब स्वर हलतोच. काही प्रेसिंगमध्येच खरखर आहे, ती राहणार. आणि गेल्या पावसाळ्यात कपाटात आडव्या रचून ठेवल्यामुळे आणखी काही रेकॉर्ड वाकल्या; त्या आता उभ्या ठेवल्या आहेत.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा लावायला हवा होता: आधी अर्थिंग, मग सुई, मग प्री-ॲम्प. झिजलेल्या सुईवर पहिली चाचणी झाली आणि त्यातून निघालेलं मत वाया गेलं. सुई आधी बदलली असती तर मागून आणलेल्या ड्युओची खरी परीक्षा पहिल्याच आठवड्यात झाली असती, आणि कदाचित दुकानदाराकडून दुसरं यंत्र आणायची गरजही पडली नसती.

डीजे प्री टू तुलनेत असायला हवा होता. कपॅसिटन्सचं आणि खालचे स्वर कापायचं, ही काकांना लागणारी दोन्ही बटणं त्यावर आहेत आणि किंमत बरीच कमी. शांततेत तो झेनइतका नीरव ठरला असता का, हे ऐकल्याशिवाय सांगता येत नाही. पण दिसण्यावरून बाद करण्याइतका तो फालतू नाही. वाचलेले पैसे स्पीकर भिंतीपासून दूर आणणाऱ्या स्टँडवर गेले असते तर खर्जाचं भलं झालं असतं.

भेट देणाऱ्याने यादी करण्याआधी घरातल्या रेकॉर्ड पाहायला हव्या होत्या, निदान व्हिडिओ कॉलवर. चारही नावं चांगली होती, पण ती नव्या, सपाट, स्टिरिओ रेकॉर्ड ऐकणाऱ्यासाठी काढलेली होती.

ट्रंकेतल्या ७८ या खेपेला मुद्दाम बाजूला ठेवल्या. त्यांची खाच एलपीपेक्षा कितीतरी रुंद असते, त्यामुळे त्याच कार्ट्रिजला बसणारी व्हीएमएन९५एसपी ही सुई लागेल. शिवाय १९५०पूर्वीच्या एचएमव्हीच्या तबकड्या आरआयएएने कापलेल्या नाहीत. खर्जाची घट २५० हर्ट्झच्या आसपास सुरू होते आणि वरचे स्वर वाढवलेले नसतात, म्हणून आजच्या नेहमीच्या फोनो प्री-ॲम्पवर त्या मंद आणि जडशीळ वाजतात. त्यासाठी वक्र बदलता येणारं यंत्र घेण्यापेक्षा कॉम्प्युटरवर उतरवून ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्ती करणं काकांच्या खिशाला परवडेल. सुई मुलगा दिवाळीत येताना आणणार आहे. तिला अडॅप्टर लागत नाही.